अहोंना वेसण

प्रभावतीबाई सांडाला ‘अहो’ म्हणत. “अहो, सरा बघू जरा, हौद भरायचाय,” असं म्हणत बाई त्या धिप्पाड जनावराच्या बाजूनं बादली घेऊन जात, आणि रविवारी बनारसहून पोरंबाळं घेऊन शेत बघायला आलेले लोक कौतुकानं पाहत राहत. हिंदी बोलणाऱ्यांना वाटायचं, नावच आहे ते. “अहो कितना बड़ा है!” म्हणून मुलं ओरडायची. एखादं मराठी कुटुंब आलं की तेवढं चपापायचं आणि नवराबायको एकमेकांकडे बघायचे. बाईंना त्याचं काहीएक नव्हतं.

ह्या वेडाचं मूळ सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

प्रभावतीबाई मूळच्या काशीतल्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या, भिक्षुकाच्या घरच्या. लग्न झालं रेल्वेतल्या मोहन टेंभेकरांशी. मोहन हे नाव आपण घेतोय, बरं का. बाईंनी ते आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, नणदांनी दार अडवलं म्हणून उखाण्यात. त्यानंतर कधी नाही. दारावर मोहन नावाचा भाजीवाला यायचा, त्यालासुद्धा त्या ‘ह्यांच्या नावाचा तो’ म्हणायच्या. भाजीवाला बिचारा वैतागून जायचा.

आणि हे मोहनराव कसे? तर हात सुटणारे. गोड शब्दात सांगण्यासारखं त्यात काही नाही. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून पितळी तांब्या फेकून मारला, बाईंची डावी भुवई फाटली, तो व्रण अजून आहे. उकळत्या चहाची कपबशी एकदा अंगावर आली. अहिल्याबाई घाटावर, ऐन कार्तिकी पौर्णिमेला, सगळ्या पायऱ्यांवरच्या लोकांदेखत मुस्काटात मारली, का तर पूजेचं ताट घरी राहिलं. त्या दिवशी घाटावरच्या एका म्हातारीनं बाईंना पदरानं वारा घातला होता. बाई तिलाच समजावत होत्या की, “ते तसे मनानं वाईट नाहीत हो.”

हे वाक्य त्यांनी आईला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, लेकाला सांगितलं. ऋतुराज लहान होता तेव्हा कपाटाआड उभा राहून सगळं बघायचा. बाई मार खाता खाता हात जोडून म्हणायच्या, “अहो, नका ना, पोर बघतंय.” आणि गंमत म्हणा नाहीतर चीड येण्यासारखी गोष्ट म्हणा, ह्या माणसानं जनावरावर जन्मात कधी हात उगारला नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही घास घालायचा. सगळा राग घरच्या बाईसाठी राखून ठेवलेला.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मोहनरावांनी बनारसबाहेर, चिरईगावच्या पुढे जमीन घेतली. दोन गायी आणल्या, मग शेळ्या, ससे, बदकं, मुलांना फिरवायला एक तट्टू. शहरातली पोरं दूध पिशवीत होतं असं समजतात, त्यांना खरी गाय दाखवू म्हणाले. लोक येऊ लागले. बाई शेतातले मटार वाटून त्यांची आमटी, निमोना, करायच्या, गोवऱ्यांवर बाट्या भाजायच्या, भाजलेल्या वांग्याचा चोखा, शिवाय थालीपीठ आणि ताजं लोणी. बनारसी माणसाला थालीपीठ नवं, पण तो बोटं चाटून खायचा. बाईंचं आयुष्य तिथं जरा बरं चाललं होतं. गायींत रमल्यामुळे मोहनरावांचा हातही कमी सुटायचा.

मग एका थंडीत ते गोठ्यातच छाती धरून खाली बसले, ते उठले नाहीत.

टेंभेकरांच्या घरात अकराव्या दिवशी मेलेल्याच्या नावानं वळू सोडायची रीत. हल्ली बहुतेक घरी पिठाचा बैल करून भागवतात, पण बाई हटून बसल्या. घरात चंद्री गायीचं पांढरं गोऱ्हं होतं, तेच सोडायचं ठरलं. मोहनरावांचे चुलतभाऊ ढुंढिराजभटजी काशीतून आले. त्यांनी मंत्र म्हटले, लोखंड तापवलं, आणि वासराच्या एका मांडीवर त्रिशूळ, दुसरीवर चक्र डागलं. केस जळाल्याचा वास गोठाभर पसरला. चारजणांनी दाबून धरलेलं ते पोर असं ओरडलं की चंद्रीनं दावं तोडलं.

“वहिनी, आता ह्याच्यावर कुणाचा हक्क नाही,” ढुंढिराजभटजी म्हणाले. “बांधायचं नाही, जुंपायचं नाही, वेसण घालायची नाही. जाईल तिकडे जाऊ दे.”

सोडलेलं वासरू जायचं कुठं? आई इथं, गोठा इथं. दिवस कलायच्या आत ते फाटकातून परत आलं. मोहनराव ज्या खुर्चीवर बसायचे तिच्याशी जाऊन उभं राहिलं आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर नाक घासलं. “आलात?” त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

झालं. त्या दिवसापासून ते वासरू ‘अहो’ झालं. सकाळी पहिला चारा त्याला, मग गायींना. मोहनरावांना न्याहारीला दही-जिलबी लागायची, म्हणून त्याच्यापुढे जिलबी. दुपारी त्याचं खाणं आटोपेपर्यंत बाई स्वतः घास घ्यायच्या नाहीत. ऋतुराजची मुलगी ईशानी तर आजीचं बघून रोज फोनवर विचारायची, “आजी, अहो जेवले?” सगळं घर हसायचं. आणि वासराचा खोंड झाला, खोंडाचा सांड झाला, मानेवर वशिंड आलं, शिंगं हातभर झाली, आणि हसण्यासारखं काही राहिलं नाही.

आधी त्यानं कुंपण मोडलं. मग रामसनेहीला धरलं. रामसनेही म्हणजे दूध काढणारा गडी, वयानं बाईंएवढा, हाडाचा सज्जन. जिलबीची पुडी त्याच्या हातात होती आणि द्यायला जरा उशीर झाला, एवढंच. सांडानं त्याला गव्हाणीवर दाबला. बरगड्या मोडल्याचा आवाज चुलीपर्यंत ऐकू आला. तोंडातून रक्ताचा फेस येत असताना तो बाईंना म्हणाला, “मलकिन, एके नाथ दा, नाहीं त ई केहू के मार डारी.” वेसण घाला ह्याला, नाहीतर हा कुणाचा तरी जीव घेईल, असं तो म्हणत होता.

बाईंनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, दवाखान्यात धाडला, आणि वर त्याला सांगितलं की ते तसे मनानं वाईट नाहीत.

पुढे गावातला एक काळा सांड शेतात शिरला. मोहरीच्या पिवळ्या पिकात दोघांची झुंज लागली. माती उडत होती, मस्तकावर मस्तक आपटत होतं, सगळं पीक पायाखाली. शेवटी पांढऱ्यानं शिंग खाली घातलं आणि काळ्याचं पोट टराटरा फाडलं. काळा आपली आतडी ओढत कालव्यापर्यंत गेला आणि तिथं पडला. तो मेला तरी हा त्याला ढुशा मारतच होता. लोक लांबून बघत होते, कुणाची पुढे व्हायची छाती झाली नाही. बाईंनी मात्र संध्याकाळी हळदीचं पाणी केलं आणि सांडाची शिंगं पुसली, “लागलं का हो फार?” असं विचारत. आता ह्या बाईला काय म्हणावं!

ऋतुराजनं तेव्हा विषय काढला. बँकेत नोकरी करणारा, आवाज न चढवणारा मुलगा तो. बाई थालीपीठ थापत होत्या.

“आई, ह्याला वेसण घाल, नाहीतर गोशाळेत पाठव. इथं लहान मुलं येतात.”

“तुझ्या बापाला गोशाळेत पाठवू?”

“तो बाप नाहीये. सांड आहे.”

“त्यांच्या नावानं सोडलाय. त्याला वेसण घातली तर ते तिकडे अडकून पडतील. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला एवढं कळतं,” ऋतुराज म्हणाला, “की बाबा होते तेव्हाही तू असंच करायचीस. डोक्यावर बसवून ठेवलंस त्यांना. एकदा तरी आवरायचंस ना! मी कपाटाआड उभा असायचो, आई. तू एकदा तरी उलटून मारशील म्हणून वाट बघायचो.”

बाईंनी उलथनं खाली आपटलं. “चूप. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?”

“ठीक है. मग ईशानीला मी इथं आणणार नाही.”

पण ईशानीनं रडून घर डोक्यावर घेतलं, आणि पुढच्या रविवारी तो तिला घेऊन आलाच. सुनेनं, रुचीनं, निघताना बजावून सांगितलं होतं की पोरीला सांडाजवळ जाऊ द्यायचं नाही. बाईंनी फोनवर शप्पथ घेऊन सांगितलं, माझ्या डोळ्यांसमोर ठेवते.

धुकं सरून छान ऊन पडलं होतं. शेत माणसांनी फुललं होतं. पोरं सशांना गाजरं भरवत होती, तट्टूवर बसायला रांग लागली होती. बाई गोवऱ्यांच्या विस्तवापुढे बसून बाट्या भाजत होत्या. हातात निखारे सारायची लांब लोखंडी सळई. ईशानी शेजारीच, चोख्यातली मिरची वेचून काढत.

बनारसच्या सिगऱ्याहून आलेलं एक कुटुंब कुंपणाशी उभं राहून सांडाला जिलबी भरवत होतं. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. सांड जीभ लांब करून एकेक जिलबी घेत होता, सगळे खिदळत होते. मग जिलबी संपली. भरवणाऱ्या माणसानं रिकामे हात हलवून दाखवले आणि वर चिडवल्यासारखं हसला.

सांडानं एक पाऊल मागं घेतलं आणि कुंपणावर धडक दिली. बांबू कडाकडा मोडले. पहिल्या फटक्यात शूटिंग करणारा माणूस उताणा पडला, त्याच्या मांडीवरून खूर गेला. शेजारी बांधलेला बोकड शिंगावर उचलला गेला आणि सशांच्या पिंजऱ्यावर जाऊन आदळला. पिंजरा मोडला, ससे सैरावैरा. बोकडाच्या मानेतून रक्ताची चिळकांडी उडत होती. बायका पोरं उचलून पळत सुटल्या, चपला, पर्स, ताटं सगळं पायाखाली. तट्टू दावं तोडून उधळलं. गुलाबी स्वेटर घातलेलं एक पोर शेणात पडलं, त्याच्या बापानं त्याला स्वेटरच्या मागून धरून ओढलं.

ईशानी तेवढी पळाली नाही. सकाळपासून तिनं एक जिलबी फ्रॉकच्या खिशात जपून ठेवली होती. आजी रोज म्हणायची ना, अहो भुकेले असले की चिडतात. ती उठली आणि हात पुढे करून चालत गेली. “अहो, रुको ना. ये लो. जिलबी.”

सांडानं मान खाली घातली आणि तिला उडवली. ती हौदाच्या कठड्यावर आपटली आणि खाली पडली. तो परत आला. शिंगाच्या आणि हौदाच्या भिंतीच्या मधे ती अडकली, कपाळ टेकवून तो रेटायला लागला. काडकन आवाज झाला. पोर किंचाळलीसुद्धा नाही, तिचा श्वासच अडकला होता.

ऋतुराज काठी घेऊन धावला. सांडानं नुसती मान वळवली आणि त्याची पोटरी फाडून त्याला बाजूला फेकला. पुन्हा पोरीकडे वळला.

बाई पोचल्या होत्या. आणि काय केलं त्यांनी? सळई धरलेलेच हात जोडले. “अहो, नका ना. अहो, लहान आहे ती. नका ना हो.”

तेच शब्द, तोच सूर, तेच जोडलेले हात. सांडाला त्याचं काय! तो रेटतच होता. पण बाईंच्या कानांवर स्वतःचाच आवाज आला. खाली जमिनीवर रक्ताळलेला पाय धरून ऋतुराज त्यांच्याकडे बघत होता, कपाटाआडून बघायचा तसा. बाईंच्या अंगात जे काय पेटलं ते सांगता येत नाही. लाज होती, संताप होता, आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं होतं.

सळई हातातच होती. टोक लाल झालेलं. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून सांडाच्या नाकपुडीत खुपसली.

सांड असा हंबरला की गोठ्यातल्या गायी दाव्याला हिसके द्यायला लागल्या. तो मागं सरला, डोकं झटकलं, आणि मग बाईंवर आला. शिंगाच्या बाजूनं त्यांना विस्तवापर्यंत ढकलत नेलं, बाई त्यात पडता पडता वाचल्या. पदर पेटला. तो त्यांनी हातानं विझवला आणि उठल्या. सळई सोडली नव्हती. तो पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याच नाकावर, त्याच जागी, आडवी हाणली.

“हा तांब्या!” बाई ओरडल्या. पुन्हा हाणली. “ही कपबशी! ही कपबशी, भाजलं होतं मला!” सळईसोबत रक्त उडून त्यांच्या चष्म्यावर आलं. “हा घाट! एवढ्या लोकांत! एवढ्या लोकांत मारलंस मला!”

झाडामागे लपलेल्या लोकांना काही कळेना, बाईला झटका आला असं वाटलं. एका ऋतुराजला सगळं कळत होतं. तो तसाच सरपटत गेला, ईशानीला ओढून घेतलं, आणि पोरीला छातीशी धरून मोठमोठ्यानं रडला.

सांडाचं नाक म्हणजे त्याचा जीव. नाकातून रक्ताच्या धारा लागल्या, एक नाकपुडी फाटून लोंबत होती. तो गुडघ्यावर आला. बाई तरी थांबेनात. शेवटी गावातले गडी दोर घेऊन धावत आले, त्यांनी सांडाचे पाय बांधून त्याला आडवा केला. रामसनेही, बरगड्या अजून नीट सांधल्या नव्हत्या त्याच्या, त्यानं मागून बाईंचे हात धरले. “बस, मलकिन. बस.”

ईशानीच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं, दंड मोडला होता. जीव वाचला. ऋतुराजच्या पोटरीला टाके पडले. सिगऱ्याच्या त्या माणसाची मांडी महिनाभर प्लास्टरमधे राहिली. सुनेनं दवाखान्यात बाईंशी एक अक्षर काढलं नाही, आणि काढावं तरी का? बाई दारापाशी स्टुलावर बसून राहिल्या. ईशानीनं डोळे उघडून विचारलं, “आजी, अहो गुस्सा क्यों हो गए? मी जिलबी दिली होती ना.” बाईंनी तिचा चांगला हात धरला. “तुझं काही चुकलं नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “तुझं काहीच चुकलं नाही. माझं चुकलं.” हे सांगताना त्यांनी सुनेकडे मान वर करून बघितलं.

गुरांचे डॉक्टर आले त्या दिवशी ढुंढिराजभटजीही आले. वेसण घालायचं ठरलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सांड चहूबाजूंनी बांधून उभा केला होता, नाकावर खपल्या, डोळे लाल.

“वहिनी, हे पाप आहे,” भटजी म्हणाले. “उत्सर्ग केलेला वळू. मोहनदादाला तिकडे गती मिळायची नाही.”

“नाही मिळाली तर नाही मिळाली,” बाई म्हणाल्या.

“अहो, शास्त्र—”

“भावजी, माझी भुवई फाटली तेव्हा तुम्ही ओसरीवर बसून जेवत होतात. मला आठवतंय. वर भात मागितला होतात.”

ढुंढिराजभटजी खाली बघायला लागले. मग उपरणं सावरून मोटारसायकलकडे निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही.

डॉक्टरांनी नाक टोचलं. सांडानं हिसका दिला, दोर ताणले गेले, दोघं गडी पडले. दोरी नाकातून ओवून झाली तेव्हा तिचं टोक कुणी धरायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी पदर खोचला आणि पुढे होऊन टोक हातात घेतलं. सांडानं डोकं वर केलं आणि फुरफुरला. रामसनेही घाबरून ओरडला.

बाईंनी दोरी अशी खेचली की त्याची मान त्यांच्या कमरेशी आली.

“मोहन,” त्या म्हणाल्या. “गप उभा राहा.”

ऋतुराज काठीच्या आधारानं दारात उभा होता, त्यानं आईकडे बघितलं आणि मग तोंड फिरवलं, कारण त्याला डोळे पुसायचे होते.

त्या दिवशी बाईंनी चारा आधी चंद्रीला घातला, मग बाकीच्या गायींना, मग शेळ्यांना. वेसणीची दोरी खुंट्याला बांधलेली. मग मोहनरावांची जुनी खुर्ची ओढून त्यांनी सांडासमोर आणली, तीवर स्वतः बसल्या, आणि ताट मांडीवर घेतलं. गरम बाटी फोडली, वर तूप ओतलं. सांडानं वास घेतला, मान पुढे केली, हंबरला.

“थांब, मोहन,” बाई घास घेत म्हणाल्या. “माझं जेवण व्हायचंय.”